थंडीत सोलरचे युनिट का घटले? आभाळ तर स्वच्छ आहे

कृष्णाकाठ (८ डिसेंबर, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण खरंच अडकलोय. कराडला आमचं स्वतःचं घर आहे, खाली दोन खोल्या वर दोन आणि त्यावर गच्ची. यंदा मे महिन्यात ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतनं. ५४० वॅटच्या ६ प्लेटा, सगळ्या दक्षिणेकडं तोंड करून, एकच स्ट्रिंग (सगळ्या एकाच माळेत), ऑनग्रिड म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर. सगळं मिळून १ लाख ९० हजार गेले, त्यातली ७८ हजार सबसिडी नंतर खात्यावर आली, त्याबद्दल काही तक्रार नाही.

मे मध्ये रोज १३-१४ युनिट पडायचे. पावसाळ्यात ५-६ वर आलं, ते होणारच. पण दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं तरी ॲपवर ९, साडेनऊ याच्या वर आकडाच जात नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो थंडीत ऊन कमीच असतं. पण मलकापुरात माझ्या मावसभावाकडं एवढंच सोलर आहे, त्याला रोज साडेबारा मिळतात, आमच्यापासनं दोन किलोमीटरवर. मग आमच्याच गच्चीवर थंडी जास्त आहे का? वडील गेल्यावर घरात पहिला मोठा खर्च मी स्वतःच्या जबाबदारीवर केलाय, म्हणून जीवाला लागतंय. कुणी सांगेल का नक्की काय बघू?

मोर्णाकाठची (८ डिसेंबर, रात्री ९:४०)
दादा आधी एक सांगते, थंडी ही सोलरची वैरी नाही. प्लेटेवर जे ५४० वॅट छापलेले असतात ते २५ डिग्रीला मोजलेले. आमच्या अकोल्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ असतं तेव्हा प्लेट ६५ च्या पुढं तापते, आणि दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्का वीज कमी होते, म्हणजे ४० डिग्री जास्त धरले तर १४ टक्के तिथंच गेले. थंडीत दिवस लहान पण प्लेट गार, त्यामुळे आमच्याकडे डिसेंबर-जानेवारी चांगले जातात. तुमच्या मावसभावाचा आकडा बरोबर आहे, गडबड तुमच्याकडेच काहीतरी आहे. प्लेटा शेवटी कधी धुतल्या?

कृष्णाकाठ (८ डिसेंबर, रात्री ९:५१)
ताई, धुतल्याच नाहीत. पावसात धुऊन निघाल्या असतील असं धरलं.

मोर्णाकाठची (८ डिसेंबर, रात्री १०:०३)
मग आधी तेच करा. सकाळी सात-साडेसातच्या आत, प्लेट गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, काच तडकायची भीती. बोअरचं पाणी असेल तर नुसतं मारून वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि मग ते निघता निघत नाहीत, मऊ वायपरने लगेच ओढून घ्या. साबण पावडर काही नको. आणि प्लेटेवर पाय देऊन चढायचं नाही, वरून काही दिसत नाही पण आतल्या सेलला चिरा जातात.

जुना_लाईनमन (८ डिसेंबर, रात्री १०:२०)
धुणं होईलच. पण त्याआधी ॲपमधला तासातासाचा आलेख बघा आणि इथं आकडे टाका. दिवसाच्या एकूण युनिटवरनं आजार कळत नाही. सकाळी १० ला किती किलोवॅट, १२ ला, १ ला, २ ला, ३ ला.

कृष्णाकाठ (९ डिसेंबर, दुपारी ४:३५)
काका, आज रविवार नव्हता तरी अर्धी रजा टाकून बसलो. १० वाजता १.६, १२ ला २.२, १ ला २.३, आणि २ वाजून १० मिनिटांनी एकदम १.३. तीनला १ च्या आसपास.

आणि सकाळी प्लेटा धुतल्या. ताई, तुमचे आभार कसे मानू. काचेवर हात फिरवला तर बोटं काळी झाली. आमच्याकडं ऊसतोडीचा हंगाम चालू आहे, शेतात पाचट पेटवतात त्याची काजळी उडून येते, संध्याकाळी गच्चीवर काळे काळे तुकडे पडलेले असतात, आई रोज झाडते पण प्लेटांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन बादल्या पाणी अक्षरशः शाईसारखं वाहिलं.

जुना_लाईनमन (९ डिसेंबर, संध्या. ६:०२)
काजळी हे एक कारण. पण दोन वाजता आलेख असा पायरीसारखा खाली येत असेल तर ती काजळी नव्हे. काजळीनं सगळा दिवस सारखा कमी होतो. ही सावली आहे. पश्चिमेला किंवा नैऋत्येला काय आहे तुमच्या? झाड, जिन्याची खोली, पाण्याची टाकी?

कृष्णाकाठ (९ डिसेंबर, संध्या. ६:१८)
नैऋत्येला पाण्याची टाकी आहे, १००० लिटरची, विटांच्या ओट्यावर. पण काका बसवणाऱ्यानं पाहणी केली तेव्हा मी स्वतः शेजारी उभा होतो, दुपारची वेळ होती आणि टाकीची सावली पार दुसऱ्या बाजूला होती, प्लेटांच्या जागेवर नव्हती.

भूगोलवाली (९ डिसेंबर, रात्री ८:४४)
पाहणी कुठल्या महिन्यात झाली? मे मध्ये ना? मग तेच झालंय.

मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून सांगते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य कराड-पुण्याच्या बरोब्बर डोक्यावरून जातो, पुण्यात १३-१४ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो, कराड थोडं दक्षिणेला म्हणून तिथे आठवडाभर आधी. त्या दिवसांत भर दुपारी उभ्या काठीलाही सावली नसते, आणि दुपार कलली की सूर्य वायव्येकडे झुकतो म्हणून सावली पूर्व-आग्नेयेला जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला उतरलेला असतो, कराडला भर दुपारीसुद्धा जेमतेम ५० अंशांवर. टाकी ओट्यासकट ९ फूट धरली तर बारा-साडेबाराला सावली साडेसात फूट, दोन वाजता साडेनऊ आणि साडेतीनला जवळपास १६ फूट, आणि तीही ईशान्येकडे, म्हणजे सरळ तुमच्या प्लेटांवर. मे मध्ये पाहून गच्चीची जागा ठरवणं म्हणजे उन्हाळ्यात ओढा बघून पूल बांधण्यासारखं आहे.

माणदेशी (९ डिसेंबर, रात्री ९:१०)
मला एक कळत नाही, एका प्लेटेवर सावली पडली की सगळ्याच बंद पडतात म्हणतात ते खरं का? आम्ही पण दहिवडीत घ्यायच्या विचारात आहे म्हणून विचारतो.

जुना_लाईनमन (९ डिसेंबर, रात्री ९:३५)
अर्धवट खरं. स्ट्रिंगमधी प्लेटा माळेसारख्या एकामागं एक जोडलेल्या, करंट सगळ्यांतून एकच जातो. एकीवर सावली आली की तिच्यापाशी करंट अडतो. पण प्रत्येक प्लेटेत सहसा तीन बायपास डायोड असतात, ते अडलेल्या भागाला वळसा घालून करंट पुढं नेतात, त्यामुळं सगळं बंद पडत नाही, तेवढा भाग बाद होतो. मात्र सहाच प्लेटांची माळ असेल आणि दोन-तीन प्लेटांना सावली शिवत असेल तर व्होल्टेज बरंच पडतं आणि इन्व्हर्टर कधी कधी चुकीच्या व्होल्टेजवर अडकून बसतो, मिळू शकते त्याहून कमी वीज काढतो. काही इन्व्हर्टरमध्ये शॅडो स्कॅन म्हणून सेटिंग असतं, सावलीतही योग्य व्होल्टेज शोधणारं, ते चालू आहे का बघा, फुकटात थोडा फायदा होतो.

कृष्णाकाठ, गच्चीवर जा, खडू घ्या आणि दर अर्ध्या तासानं टाकीच्या सावलीची कड आखा.

कृष्णाकाठ (११ डिसेंबर, रात्री ८:२५)
आखली. आणि काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण कालपासून डोक्यातनं जात नाही.

मी एक वाजल्यापासून खडू घेऊन बसलेलो. आई आवळ्याच्या फोडी वाळवायला वर आली, मला म्हणाली काय रे शाळकरी पोरासारखं रेघोट्या ओढतोस. मी सांगितलं सावली बघतोय. तर ती म्हणाली, "मला विचारायचंस की. दोनला टाकीची सावली पहिल्या प्लेटेच्या पायाशी येते आणि चहाच्या वेळेला चौथ्या प्लेटेपर्यंत जाते. उन्हाळ्यात मी तिथंच कुरडया घालायचे, दिवसभर ऊन असतं. पण आवळा सुपारी कधी तिथं नाही घातली, दुपारी उचलून पलीकडं न्यावी लागते." मी खडूनं आखलं, दोन वाजून पाच मिनिटांनी पहिल्या प्लेटेच्या पायाला सावली टेकली. साडेतीनला चौथी प्लेट अर्धी झाकली. तीस वर्षं ती त्या गच्चीवर वाळवण घालतेय, कुठल्या महिन्यात कुठं किती वाजेपर्यंत ऊन टिकतं हे तिला पाठ आहे, आणि मे मध्ये आम्ही दोघं पुरुष टेप घेऊन माप घेत होतो तेव्हा ती तिथंच कुरडयांवर साडी पसरत होती. तिला विचारलंच नाही. तिनं तेव्हा एकदा म्हटलं पण होतं, प्लेटा पलीकडच्या कठड्याकडं घ्या म्हणून, बसवणारा म्हणाला मावशी तिकडं वायर लांब पडते, आणि मी पण मान हलवली. याचं खरंच वाईट वाटतंय.

मोर्णाकाठची (११ डिसेंबर, रात्री ८:५०)
वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे सासूबाईंनी असंच सांगितलं होतं की शेजारच्या कडुनिंबाला चैत्रात पालवी फुटली की गच्चीचा कोपरा सावलीत जातो, आम्ही ऐकलं आणि दोन फूट सरकवून बसवलं.

सोसायटीवाली (११ डिसेंबर, रात्री ९:२२)
आता उपाय बघूया. प्लेटा हलवायच्या म्हणजे स्ट्रक्चरचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यात असतात, ते फोडून परत करायचं, वॉटरप्रूफिंगची पण वाट लागते. दुसरं, स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच करणं, पुण्यात बरेच जण आधीपासून तसंच करतात म्हणजे खाली गच्ची वापरता येते, पण लोखंडाचा खर्च वाढतो. तिसरं, टाकीच हलवा. माझ्या मते तिसरं सगळ्यात स्वस्त, टाकी प्लेटांच्या उत्तरेला गेली की तिची सावली वर्षातला बहुतेक काळ प्लेटांवर येत नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पण याच मुद्द्यावर दोन सर्वसाधारण सभा गेल्या. सोसायट्यांना सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यासाठी, किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे. पैशावरून भांडण नव्हतंच, गच्चीवर कुणाची जागा जाणार यावरून होतं. शेवटी टाक्यांच्या उत्तरेकडची मोकळी जागा सोडून दिली आणि दक्षिणेकडे प्लेटा घेतल्या तेव्हा मिटलं.

रायगड_किनारा (११ डिसेंबर, रात्री १०:०५)
स्ट्रक्चर उंच करणार असाल तर वाऱ्याचा विचार आधी करा, ही कळकळीची विनंती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा डोळ्यासमोर घरांवरचे पत्रे कागदासारखे उडालेले पाहिलेत. प्लेट जवळपास साडेसात फूट बाय पावणेचार फूट असते, वारा खालून घुसला की ती शिडासारखी उचलते. उंच स्ट्रक्चरला तिरपे आधार हवेतच. आणि आमच्यासारख्या खाऱ्या हवेत साधं रंगवलेलं लोखंड दोन पावसाळ्यात गंजतं, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं घ्या, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या, तोंडी नको.

माणदेशी (१२ डिसेंबर, सकाळी ७:४८)
धाग्यात घुसतोय त्याबद्दल माफी, पण इथं जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो. आमच्याकडं दुपारी बऱ्याचदा लाईट जाते. सोलर असलं की लाईट गेल्यावर पण पंखा चालेल ना? आमचं महिन्याला २५० च्या आसपास युनिट जळतं, किती किलोवॅट घेऊ, आणि बिल शून्य येतं का?

जुना_लाईनमन (१२ डिसेंबर, सकाळी ९:३०)
नाही चालणार, आणि का नाही ते नीट समजून घ्या कारण याच्याशी माणसाचा जीव जोडलेला आहे.

ऑनग्रिड इन्व्हर्टरला बाहेरनं सप्लाय दिसेनासा झाला की तो दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. भर उन्हात, प्लेटा तापलेल्या असताना पण. कारण लाईट गेली म्हणजे कुठंतरी खांबावर माणूस चढलेला असू शकतो. तुमच्या घरातली वीज उलटी लाईनमध्ये गेली तर त्याच्या दृष्टीनं तार मेलेली असते आणि प्रत्यक्षात जिवंत. मी ३१ वर्षं खांबावर चढलो. एका गावात एकानं चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाईनवर नाहीतर जनरेटरवर ठेवणारा) न लावता जनरेटर घराच्या मेनला जोडलेला, आम्ही फ्यूज काढून काम करतोय आणि तारेतनं झटका. पट्टा होता म्हणून लटकलो, खाली पडलो नाही. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. म्हणून कुणी "जुगाड करून देतो, लाईट गेली तरी चालेल" म्हणाला तर त्याला दारातनं परत पाठवा. लाईट गेल्यावर चालायला हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची, खर्च बराच वाढतो पण ते रीतसर आहे, ते घराला बाहेरच्या लाईनपासनं तोडून मग चालतं.

अर्थिंगचं पण सांगून ठेवतो. तीन वेगळे खड्डे हवेत, एक डीसी म्हणजे प्लेटांच्या बाजूला, एक एसी म्हणजे घराच्या लाईनच्या बाजूला, एक आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाला. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा कोंबणारे मी पाहिलेत. माणमध्ये जमीन कोरडी खडकाळ, तिथं तर खड्डा जास्तच नीट भरून घ्या आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा.

सोसायटीवाली (१२ डिसेंबर, सकाळी ११:१५)
माणदेशी, बाकीचं मी सांगते. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीनं रोज ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला ११०-१२०. तुम्हाला २५० ला २ किलोवॅट कसंबसं पुरेल, ३ घेतलंत तर पुढं फ्रिज-एसीला जागा राहील. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, ३ किंवा त्याहून जास्त कितीही घेतलं तरी ७८ हजारच, म्हणून बहुतेक लोक ३ वर थांबतात. जागा किलोवॅटला ८०-१०० चौरस फूट. प्लेटा भारतीय सेलच्या, म्हणजे डीसीआर, असल्या तरच सबसिडी, आणि त्या थोड्या महाग असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा जुनं कोटेशन कुणी पुढं केलं तर नवीन मागा.

बिल अगदी शून्य येत नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते तिचे युनिट जमा राहतात, रात्री वापरलेल्यातून वजा होतात, उरले तर पुढच्या महिन्यात. पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो, तेव्हा शिल्लक युनिटना जो दर मिळतो तो आपण वीज घेतो त्या दरापेक्षा बराच कमी, म्हणून गरजेपेक्षा फार मोठं घेण्यात अर्थ नाही. योजनेच्या पोर्टलवर नोंद असलेल्याच विक्रेत्याकडून घ्या आणि सगळे पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर, लागल्यावर. आणि हो, सावली.

परदेशी_पाखरू (१२ डिसेंबर, दुपारी ३:२०)
मी स्टुटगार्टला असते, भाड्याच्या घरात. इथे बाल्कनीच्या कठड्याला दोन प्लेटा टांगून थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडतात, २०२४ पासून ८०० वॅटपर्यंतच्या इन्व्हर्टरला परवानगी आहे, नोंदणी ऑनलाइन केली की झालं. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की कित्येक दिवस अर्धा युनिटसुद्धा पडत नाही, तरी शेजारची जर्मन आजी रोज मीटर बघते. तुमचे ९ युनिट वाचून घराची फार आठवण आली. साताऱ्याचंच माहेर माझं, पाटण तालुका. आमच्या भागातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली तेव्हा इथे सगळ्यांना फोटो दाखवत फिरले होते.

कृष्णाकाठ (२२ डिसेंबर, रात्री ९:०५)
मंडळी, टाकी हलवली. नळवाल्यानं ओटा फोडणं, नवा बांधणं, पाइप वाढवणं असं सगळं मिळून साडेआठ हजार घेतले. टाकी आता जिन्याच्या खोलीच्या मागं, प्लेटांच्या उत्तरेला. जागा आईनं दाखवली, आधी तिथं उभी राहून इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली इथं कधीच काही वाळत नाही, ठेवा.

धुतल्यावर ९ चे साडेदहा झाले होते. टाकी हलवल्यापासून गेले चार दिवस १२.६, १२.४, १२.७, १२.५. दोन वाजताची ती पायरी गेली, आलेख आता टेकडीसारखा गोल उतरतो. हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला धुवायचं ठरवलंय. बसवणाऱ्यालाही शांतपणे आलेख पाठवला, तो येऊन बघून गेला आणि शॅडो स्कॅन चालू करून दिलं, एवढं तरी केलं.

जुना_लाईनमन (२२ डिसेंबर, रात्री ९:३०)
छान. टाकी हलवताना अर्थिंगची पट्टी कुठं तुटली-बिटली नाही ना बघा एकदा. नळवाले पट्टी आडवी आली की वाकवून ठेवतात.

कृष्णाकाठ (२३ डिसेंबर, सकाळी ८:१०)
बघितलं काका, एका ठिकाणी क्लॅम्प सुटला होता. आज वायरमन येतोय दुपारी.

मोर्णाकाठची (२३ डिसेंबर, सकाळी ८:२६)
आणि आवळा सुपारी झाली का?

कृष्णाकाठ (२३ डिसेंबर, सकाळी ८:४०)
झाली ताई, बरणी भरली. जुन्या ओट्याच्या जागेवर वाळवली यंदा, आई म्हणते आता तिथं दिवसभर ऊन येतं.